रोबोटने थायमसची गाठ काढायची, पेशंट सत्तरीचा आणि सोबत मायस्थेनिया: मुंबईतल्या सेवेचं परीक्षण

मुंबईत थायमसची, म्हणजे छातीच्या हाडामागच्या ग्रंथीची, गाठ रोबोटने काढून मिळते, आणि निव्वळ शस्त्रक्रियेपुरतं बोलायचं तर चांगली काढून मिळते. परळचं टाटा मेमोरियल, अंधेरीचं कोकिलाबेन, गिरगावचं एच. एन. रिलायन्स, माहीमचं हिंदुजा, पार्ल्याचं नानावटी, या सगळीकडे रोबोटिक शस्त्रक्रिया होतात. पण पेशंटचं वय सत्तरच्या आसपास असेल आणि त्याला मायस्थेनिया ग्रॅव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकवून अशक्त करणारा आजारही असेल, तर या सगळ्या पॅकेजमध्ये रोबोट हा सर्वांत कमी काळजीचा भाग ठरतो. पैसे वसूल होतात किंवा पाण्यात जातात ते ऑपरेशनच्या आधीच्या काही आठवड्यांत आणि नंतरच्या तीन दिवसांत. त्यामुळे इथे कुठल्या एका हॉस्पिटलला गुण दिलेले नाहीत. सेवेचा एकेक भाग तपासला आहे, आणि हॉस्पिटल निवडताना कुठे बोट ठेवून विचारायचं ते सांगितलं आहे.

पहिला प्रश्न: ऑपरेशन हवंच आहे का?

मायस्थेनियाच्या शंभरातल्या साधारण दहा ते पंधरा जणांना थायमोमा, म्हणजे थायमसचा ट्यूमर, असतो. उलट बाजूने पाहिलं तर थायमोमा असलेल्या दर तिघांतल्या एकाला तरी मायस्थेनिया असतो. गाठ असेल तर वय कितीही असो, पेशंट भूल सोसण्याजोगा असेल तर ती काढण्याचाच सल्ला मिळतो, कारण ऑपरेशन गाठीसाठी असतं. गाठ नसताना, फक्त मायस्थेनिया सुधारावा म्हणून थायमस काढायचा, हा वेगळा विषय आहे. त्याला आधार असलेली मोठी चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत १२६ पेशंट होते, वय १८ ते ६५, सगळे ॲसिटिलकोलीन रिसेप्टर अँटिबॉडी (मायस्थेनियात सर्वाधिक आढळणारी अँटिबॉडी) पॉझिटिव्ह, आणि ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांची ती छातीचं हाड उघडून केलेली. त्या निकालावर बोट ठेवून कुणी ७२ वर्षांच्या, गाठ नसलेल्या पेशंटला रोबोटिक थायमेक्टमी सुचवत असेल, तर त्या सल्ल्याला पुरावा नाही हे स्पष्ट सांगायला हवं. मस्क ही दुसरी अँटिबॉडी पॉझिटिव्ह असेल तर थायमस काढून मायस्थेनियाला फायदा होतो असं दिसलेलं नाही.

दुसरी गोष्ट सीटी स्कॅनची. उतारवयात थायमसच्या जागी मुख्यतः चरबी उरते, आणि त्या चरबीत एखादी साधी पाण्याची गाठ असली तर साध्या सीटीवर ती घट्ट दिसून ‘थायमोमाची शक्यता’ असा रिपोर्ट येतो. दोन-अडीच सेंटीमीटरच्या अशा गाठीसाठी आधी एमआरआय करून घ्या. पाण्याची गाठ आणि घट्ट गाठ यांतला फरक एमआरआयवर बराच स्पष्ट होतो, आणि काही जणांचं ऑपरेशनच टळतं. गाठ घट्ट आहे, कडा स्वच्छ आहेत, निघण्यासारखी आहे, असं दिसत असेल तर सुई घालून तुकडा काढायचा आग्रह धरू नका. आवरणाला भोक पडलं तर पेशी छातीच्या पोकळीत सांडण्याचा धोका असतो. सुईची तपासणी मोठ्या, रक्तवाहिन्यांना चिकटलेल्या गाठींसाठी आहे, जिथे आधी केमो द्यायची की नाही हे ठरवायचं असतं.

रोबोटसाठी योग्य पेशंट कोण? गाठ साधारण पाच सेंटीमीटरपर्यंत, मोठ्या शिरांपासून मोकळी. त्याहून मोठ्या गाठी रोबोटने काढणारे सर्जन आहेत, पण मग गाठ बाहेर काढायला बरगड्यांमधलं छिद्र इतकं वाढवावं लागतं की छोट्या जखमेचा फायदा अर्धा संपतो. मुंबईतल्या ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी दोन अडचणी हमखास पुढे येतात. एक, जुना टीबी किंवा प्ल्यूरसी. फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलं असेल तर रोबोटचे हात आत फिरायला जागाच मिळत नाही. जुना एक्स-रे, टीबीच्या गोळ्यांचा इतिहास सर्जनला आधीच सांगा. दोन, आधी झालेली बायपास. छातीच्या हाडामागून डावीकडे उतरणारी ग्राफ्टची धमनी हृदयाला जोडलेली असते, आणि डाव्या बाजूने आत शिरणारा सर्जन नेमका तिथेच पोचतो. अशा पेशंटमध्ये उजव्या बाजूने जायचं की रोबोटचा नाद सोडायचा, हा निर्णय सीटी अँजिओ पाहून व्हायला हवा.

तयारी: इथे सर्वाधिक गुण जातात

थायमोमा बहुतेकदा हळू वाढतो. मायस्थेनियात थायमसचं ऑपरेशन तातडीचं कधीच नसतं. तरीही ‘पुढच्या मंगळवारी रोबोट रिकामा आहे’ म्हणून तारीख देणारी ठिकाणं आहेत. अशा तारखेला नकार द्या. पेशंटला गिळताना ठसका लागतोय, संध्याकाळी आवाज नाकातून येतोय, आडवं झाल्यावर धाप लागतेय, यातलं काहीही चालू असेल तर आधी ते आटोक्यात आणायचं, मग ऑपरेशन.

आटोक्यात आणायचे दोन झटपट मार्ग आहेत. पहिला आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी शिरेतून देणं. एकूण डोस वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम, दोन ते पाच दिवसांत विभागून. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. परिणाम दिसायला आठवडा-दीड आठवडा लागतो, त्यामुळे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संपवलेला कोर्स त्या ऑपरेशनसाठी फारसा उपयोगी नाही. उतारवयात किडनी मंद असेल, हृदय कमजोर असेल, पूर्वी पक्षाघात किंवा पायात रक्ताची गुठळी झाली असेल, तर हे औषध हळू आणि पाच दिवसांत पसरूनच द्यावं लागतं. दोन दिवसांत उरकून बेड रिकामा करण्याची घाई इथे महागात पडते. दुसरा मार्ग प्लाझ्माफेरेसिस, म्हणजे यंत्राने रक्तातला प्लाझ्मा अँटिबॉडीसकट काढून टाकणं. साधारण पाच वेळा, दिवसाआड. परिणाम लवकर येतो, पण मानेत मोठी लाइन टाकावी लागते, ब्लड प्रेशर खाली जातं, आणि प्लाझ्माबरोबर रक्त गोठवणारे घटकही निघून जातात. शेवटच्या फेरीनंतर फायब्रिनोजेन आणि पीटी (रक्त नीट गोठतंय का याच्या चाचण्या) तपासल्याशिवाय कुणी सुरी उचलत असेल तर थांबवा. हृदय चांगलं असेल आणि घाई असेल तर प्लाझ्मा, शिरा नाजूक असतील तर आयव्हीआयजी, असा ढोबळ कल असतो. सौम्य, आटोक्यात असलेल्या मायस्थेनियाला दोन्हींची गरज नसते. ‘प्रोटोकॉल आहे’ एवढ्या उत्तरावर २४ बाटल्यांचं बिल स्वीकारू नका.

स्टिरॉइडचा डोस ऑपरेशनच्या तोंडावर एकदम चढवणं ही जुनी, टाळता येण्यासारखी चूक. मोठ्या डोसने सुरुवात केली तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत अशक्तपणा उलट वाढू शकतो. आधीपासून वायसोलोन किंवा ओम्नाकॉर्टिल चालू असेल तर ती ऑपरेशनच्या दिवशी बंद करायची नसते, उलट हायड्रोकॉर्टिसोनचा जादा डोस द्यावा लागतो. मधुमेह असेल तर साखर चढणार हे गृहीत धरून इन्सुलिनचा तक्ता आधीच तयार हवा.

पायरिडोस्टिग्मिन, म्हणजे डिस्टिनॉन किंवा ग्रॅव्हिटर ही मायस्थेनियात स्नायूंना ताकद देणारी नेहमीची गोळी, ऑपरेशनच्या सकाळी द्यायची की नाही, यावर दोन्ही पद्धती चालतात. कुठलीही असो, ती केस पेपरवर वेळेसकट लिहिलेली हवी. वॉर्डातली ‘सकाळी काही द्यायचं नाही’ ही सरसकट सूचना आणि न्यूरॉलॉजिस्टची ‘सहाची गोळी द्या’ ही तोंडी सूचना यांच्यात पेशंट अडकतो, तसं होऊ देऊ नका. आणखी एक बारकावा: ६० मिलिग्रॅमची साधी गोळी कुटून नळीतून देता येते, १८० ची लाँग ॲक्टिंग गोळी कुटायची नसते.

हृदयाची तपासणी नेहमीचीच, ईसीजी, इको, गरज पडली तर त्यापुढचं. क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी बंद, ॲस्पिरिन बहुधा चालू राहते, स्टेंट असेल तर कार्डिऑलॉजिस्टची लेखी परवानगी. फुप्फुसाच्या तपासणीत मात्र एक जादा मागणी करा: एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन किती हवा बाहेर फुंकता येते तो आकडा) बसून आणि आडवं पडून, दोन्ही. छाती आणि पोटामधल्या पडद्याचा स्नायू कमजोर असेल तर आडवं पडल्यावर आकडा लक्षणीय घसरतो, आणि ऑपरेशननंतर व्हेंटिलेटर लागेल का याचा अंदाज त्यावरून येतो. १९८० पासून वापरात असलेल्या लेव्हेन्थल स्कोअरमध्ये चार गोष्टी मोजतात: आजाराला सहा वर्षांहून जास्त काळ, फुप्फुसाचा जुना आजार, पायरिडोस्टिग्मिन दिवसाला ७५० मिलिग्रॅमहून जास्त, आणि व्हायटल कपॅसिटी, म्हणजे एका पूर्ण श्वासातली हवा, २.९ लिटरहून कमी. तो स्कोअर हाड उघडून केलेल्या शस्त्रक्रियांवरून तयार झाला. आपल्याकडच्या पाच फुटी, सत्तरीच्या बाईची व्हायटल कपॅसिटी तंदुरुस्त असतानाही २.९ च्या खाली असते. तेव्हा स्कोअर कानावर घ्या, पण पेशंटचा स्वतःचा ऑपरेशनपूर्व आकडा जास्त मोलाचा.

ऑपरेशन थिएटर

लोकांचा एक गैरसमज अजून जात नाही: रोबोट स्वतः काही करत नाही. सर्जन त्याच खोलीत कन्सोलवर बसून उपकरणं हलवतो, पेशंटजवळ एक असिस्टंट उभा असतो, आणि अडचण आली तर पहिली कृती त्या असिस्टंटच्या हातात असते. म्हणून सर्जनच्या नावाबरोबर ‘टेबलाजवळ कोण असतं’ हेही विचारा. दा विंचीला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली, आणि आजही मुंबईत सर्वाधिक तेच ऐकू येतं. भारतात व्हर्सियस, ह्यूगो आणि देशी बनावटीचं एसएसआय मंत्र हेही आहेत. कुठलं यंत्र यापेक्षा त्या यंत्रावर या सर्जनने थायमसच्या किती केसेस केल्या हा प्रश्न योग्य. प्रोस्टेटच्या तीनशे केसेस इथे मोजायच्या नाहीत.

पेशंटला साधारण ३० अंश कलवतात, ज्या बाजूने शिरायचं ती बाजू वर. त्या बाजूचा हात टेबलाच्या पातळीखाली सोडतात. उतारवयात खांदा आखडलेला असतो, आणि हात जास्त ओढला गेला तर मज्जातंतू ताणून नंतर बोटांत मुंग्या आणि अशक्तपणा राहतो. मायस्थेनियाच्या पेशंटला हाताचा अशक्तपणा जाणवला की सगळ्यांचं लक्ष आजाराकडे जातं, पोझिशनकडे जात नाही. ऑपरेशनआधी खांदा किती फिरतो हे पाहून ठेवलेलं बरं.

बरगड्यांमधून तीन, कधी चार छिद्रं, साधारण ८ मिलिमीटरची. दोन नळ्यांच्या खास ट्यूबने एक फुप्फुस मिटवतात आणि छातीत कार्बन डायऑक्साइड सोडून जागा करतात, दाब बहुधा पाऱ्याचे ६ ते ८ मिलिमीटर. ताठ झालेल्या, वयस्क हृदयाला हा दाबही झेपत नाही, बीपी खाली येतं, आणि मग सर्जनने हट्ट न करता दाब कमी करायचा असतो. इथे भूलतज्ज्ञ आणि सर्जन यांचं जुनं जमलेलं असणं उपयोगी पडतं.

डावीकडून जायचं की उजवीकडून? डावीकडून डावी फ्रेनिक नस (श्वासाचा पडदा हलवणारा मज्जातंतू) आणि महाधमनीजवळची चरबी चांगली दिसते, पण उजवी नस आडोशाला राहते. उजवीकडून जागा जास्त मिळते आणि वरची महाशीर समोर दिसते. गाठ ज्या बाजूला झुकलेली, त्या बाजूने जाणं शहाणपणाचं. कामाचा क्रम साधारण असा: खाली पडद्याजवळच्या चरबीपासून सुरुवात, फ्रेनिक नसेला समांतर वर जाणं, छातीच्या हाडामागची बाजू मोकळी करणं, मानेकडे गेलेली थायमसची दोन शिंगं खाली ओढून घेणं, आणि आडव्या जाणाऱ्या डाव्या इनॉमिनेट शिरेत मिळणाऱ्या दोन-तीन लहान शिरा क्लिप लावून तोडणं. गाठीला थेट चिमटा लावायचा नाही, भोवतीची चरबी धरून ओढायची. दोन्ही फ्रेनिक नसांमधली सगळी चरबी थायमससकट एका तुकड्यात निघाली पाहिजे, कारण थायमसचे विखुरलेले कण त्या चरबीत असतात. सत्तरीत थायमस आणि चरबी नजरेला एकच दिसतात, तेव्हा सर्जन ग्रंथीच्या कडेवर विसंबत नाही. नस आणि शीर या खुणांवर चालतो. मग पिशवीत घालून गाठ बाहेर.

चूक होते ती मुख्यतः दोन ठिकाणी. फ्रेनिक नसेजवळ उष्णता देणारं उपकरण नेलं की नस कापली न जाताही भाजते, आणि पडदा महिनोन्‌महिने वर चढून बसतो. निरोगी माणूस एका पडद्यावर चालवून घेतो. मायस्थेनियाच्या वयस्क पेशंटला तेवढाच धक्का व्हेंटिलेटरवर नेऊ शकतो. गाठ नसेला चिकटलेलीच असेल तर नस तोडायची की थोडी गाठ मागे ठेवून पुढे रेडिएशन द्यायचं, हे ऑपरेशनच्या आधी बोलून ठेवावं, कारण पेशंट टेबलावर असताना नातेवाईकाने सही करून हा निर्णय घ्यायचा नसतो. दुसरी जागा इनॉमिनेट शीर. ती फाटली तर गॉजच्या गुंडाळीने दाबून धरायची, रोबोटचे हात बाजूला घ्यायचे, आणि गरज पडली तर छाती उघडायची. हाड कापायची करवत त्या खोलीत, रक्ताच्या पिशव्या क्रॉसमॅच करून तयार, आणि रोबोट बाजूला काढायचा सराव टीमने केलेला, या तिन्हींचं उत्तर ‘हो’ हवं. छाती उघडावी लागणं हे अपयश समजू नये. उघडायला उशीर करणं हे अपयश.

रोबोट की दुर्बिणीची साधी पद्धत? हाड उघडण्याच्या तुलनेत दोन्हींत रक्तस्राव कमी, नळी लवकर निघते, पेशंट लवकर घरी जातो. दोघांची एकमेकांशी तुलना केली तर निकाल बरेच जवळ जवळ आहेत. रोबोटचं मनगटासारखं वळणारं टोक आणि खोली दाखवणारं चित्र मानेकडच्या अरुंद कोपऱ्यात खरंच कामाला येतं. हाताला स्पर्श मात्र कळत नाही. दुर्बिणीने शंभर थायमस काढलेला सर्जन आणि रोबोटवर दहावी केस करणारा सर्जन यांत आमची निवड पहिल्याची.

भूल हा या सेवेचा कणा आहे. मायस्थेनियात रोक्युरोनियमसारखी स्नायू शिथिल करणारी औषधं अर्ध्याहून कमी डोसमध्ये पुरतात, तर सक्सिनिलकोलीन उलट जास्त लागतं. काही भूलतज्ज्ञ प्रोपोफॉल आणि सेव्होफ्लुरेनवर भागवून शिथिल करणारं औषध टाळतात. वापरलंच तर मनगटावर ट्रेन-ऑफ-फोरचं, म्हणजे स्नायू किती शिथिल झाले हे मोजणारं, मॉनिटर हवं, आणि औषध देण्याआधीचं रीडिंग नोंदवलेलं हवं, कारण या पेशंटचं मुळातलं रीडिंगच कमी असू शकतं. रोक्युरोनियम उतरवायला शुगामाडेक्स उपलब्ध आहे का, हे विचाराच. ते नसेल तर निओस्टिग्मिन वापरावं लागतं, आणि आधीच पायरिडोस्टिग्मिनवर असलेल्या पेशंटला त्याने लाळ, कफ, अशक्तपणा वाढू शकतो. दुखणं कमी करायला पाठीतला ब्लॉक आणि पॅरासिटामॉल. मॉर्फीनसारखी औषधं जपून.

नंतरचे ७२ तास

बहुतेक पेशंट टेबलावरच ट्यूबमुक्त होतात. आयसीयूत एक-दोन रात्री राहायला हवंच, ‘रोबोटिक आहे, थेट रूमवर नेऊ’ या आग्रहाला बळी पडू नका. इथे मुंबईतल्या सेवेची खरी परीक्षा होते, आणि गुण वर-खाली होतात ते रात्री दोन वाजता ड्यूटीवर कोण आहे त्यावर.

बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं मशीन ९८ दाखवतं आणि सगळे निर्धास्त होतात. मायस्थेनियात श्वासाचे स्नायू थकतात तेव्हा आधी कार्बन डायऑक्साइड साठतो; ऑक्सिजन शेवटी पडतो, नळीने ऑक्सिजन चालू असेल तर आणखी उशिरा. म्हणून बेडजवळची साधी चाचणी: एका श्वासात मोठ्याने एक, दोन, तीन असं मोजत जायचं. ऑपरेशनआधीचा आकडा कागदावर लिहून ठेवा. धडधाकट माणूस चाळीस-पन्नासपर्यंत जातो. तुमच्या पेशंटचा पंचवीसवरून पंधराच्या खाली आला, मान उशीवरून उचलेना, आवाज नाकात गेला, लाळ गळायला लागली, की नर्सला हाक मारा आणि रक्तातल्या वायूची तपासणी मागा. आयसीयूत मोजणारे आकडे २०-३०-४० च्या नियमाने लक्षात ठेवतात: व्हायटल कपॅसिटी किलोला २० मिलिलिटर, आत ओढायचा दाब ३०, बाहेर फुंकायचा दाब ४०. याखाली घसरण सुरू झाली की बायपॅप (मास्कमधून श्वासाला जोर देणारं यंत्र) लवकर लावलेला बरा. वाट पाहिली तर ट्यूब घालावी लागते.

उलट बाजूही आहे. पायरिडोस्टिग्मिनची गोळी जास्त झाली तरी अशक्तपणा येतो, पण मग सोबत लाळ, पोटात कळा, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या, दंडात फडफड दिसते. घाबरून नातेवाईकांनी आपल्या पिशवीतली जादा डिस्टिनॉन देऊ नये.

उतारवयात छातीच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित होणं बरंच आढळतं. आयसीयूची सवयीची पहिली प्रतिक्रिया असते शिरेतून मॅग्नेशियम, मग मेटोप्रोलॉल. मायस्थेनियात मॅग्नेशियम शिरेतून देणं धोक्याचं, आणि बीटा ब्लॉकरही जपून. बहुधा ॲमिओडॅरोनकडे वळतात. तसंच ताप आला की लिव्होफ्लॉक्सासिन, ॲमिकॅसिन, ॲझिथ्रोमायसिन ही नावं हातातल्या पेनातून आपोआप उतरतात, आणि तिन्ही या आजारात स्नायूंची ताकद आणखी उतरवू शकतात. बेडच्या डोक्याशी लाल अक्षरात टाळायच्या औषधांचा कागद लावणारी टीम दिसली, तर तिला आम्ही इमारतीच्या संगमरवरापेक्षा जास्त गुण देऊ. रात्री गोंधळलेल्या आजोबांना झोपेचं इंजेक्शन ही आणखी एक हमखास चूक. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र परत द्या, ओळखीचं माणूस जवळ बसवा, आणि आधी कार्बन डायऑक्साइड तपासा.

फिजिओथेरपी हवी, पण तिची वेळ महत्त्वाची. पायरिडोस्टिग्मिनचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतो आणि तीन-चार तास टिकतो. जेवण आणि श्वासाचे व्यायाम त्या खिडकीत बसवा. तीन चेंडूंचं यंत्र तासाला वीसदा ओढायला लावलं तर हे स्नायू बळकट होण्याऐवजी दमतात. छातीची नळी बहुधा एक-दोन दिवसांत निघते. मायस्थेनियाच्या वयस्क पेशंटला घरी जायला तीन ते पाच दिवस धरावेत.

बिल

या भागाला पारदर्शकतेत काठावर पास. एस्टिमेटमध्ये रोबोटचा चार्ज, सर्जनची फी आणि थिएटर लिहिलेलं असतं. आयव्हीआयजी, बायपॅप, आयसीयूचा जादा दिवस आणि शुगामाडेक्स ‘ॲट ॲक्च्युअल्स’ या एका ओळीत दडपतात. खासगी हॉस्पिटलांत रूमची श्रेणी वाढली की सर्जनच्या फीपासून तपासणीपर्यंत सगळंच चढतं, त्यामुळे सिंगल रूमचा मोह खूप महाग पडतो. रोबोटचा खर्च का आहे? त्याची उपकरणं ठरावीक वेळा वापरली की यंत्र ती स्वीकारतच नाही, नवी घ्यावी लागतात.

मेडिक्लेमबाबत: विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रोबोटिक सर्जरी आधुनिक उपचारांच्या यादीत आहे, त्यामुळे ‘रोबोट आहे म्हणून नाही’ असं सरसकट उत्तर चालत नाही. पण कंपन्या त्यावर उपमर्यादा ठेवतात. पॉलिसीत ‘मॉडर्न ट्रीटमेंट’ हे कलम शोधा, आणि टीपीएकडून (विमा कंपनीसाठी दावे हाताळणारी संस्था) मंजुरी आयव्हीआयजीसकट घ्या. आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे; तुमच्या पॅकेजमध्ये काय बसतं हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्या. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. ही सोय काउंटरवर आपणहून कुणी सांगत नाही, तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन मागावी लागते.

आणि हेही नोंदवायला हवं: केईएम किंवा सायनला न्यूरॉलॉजी आणि छातीची शस्त्रक्रिया एकाच आवारात आहे. तिथे दुर्बिणीने किंवा हाड उघडून नीट काढलेली गाठ ही रोबोटने काढलेल्या गाठीपेक्षा कमअस्सल नसते. जखम मोठी, बरं व्हायला वेळ जास्त, इतकाच फरक. घर विकून रोबोट घेण्याइतका तो मोठा नाही.

घरी गेल्यावर

सेवेचा सर्वांत कच्चा दुवा हाच. डिस्चार्ज कार्डावर ‘फॉलोअप ७ दिवसांनी’ असतं, पण विरार किंवा डोंबिवलीला पोचलेल्या पेशंटला चौथ्या रात्री धाप लागली तर कुठे जायचं, हे नसतं. घराजवळचं व्हेंटिलेटर असलेलं एक आयसीयू आधीच हेरून ठेवा, तिथे डिस्चार्ज कार्डाची प्रत दाखवून ठेवा, रुग्णवाहिकेसाठी १०८. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर पहिले दोन आठवडे खाली कुणाकडे सोय होते का पाहा. पायरिडोस्टिग्मिन प्रत्येक केमिस्टकडे मिळत नाही, पंधरा दिवसांचा साठा कायम हवा, पावसाळ्यात तर नक्कीच. पावसाळ्याचंच आणखी एक: मलेरिया झाला तर क्लोरोक्विन आणि क्विनीन दोन्ही या आजारात त्रासदायक. फॅमिली डॉक्टरला हे आधीच सांगून ठेवा. तो सवयीने तापाला लिव्होफ्लॉक्सासिन लिहील; ते टाळायचं, हेही सांगा.

मायस्थेनिया ऑपरेशनने लगेच जात नाही. सुधारणा महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी दिसते, आणि गाठ असलेल्या वयस्क पेशंटला गोळ्या बहुधा पूर्ण सुटत नाहीत. स्टिरॉइड न्यूरॉलॉजिस्टनेच उतरवायची, सर्जनने नव्हे. हिमोग्लोबिन विनाकारण खूप खाली जात असेल तर लोहाच्या गोळ्यांवर थांबू नका. थायमोमासोबत लाल पेशी बनणंच बंद होण्याचा आजार असू शकतो, तो तपासून घ्या.

पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये तीन गोष्टी स्वच्छ लिहिलेल्या हव्यात: प्रकार, म्हणजे ए, एबी, बी१, बी२ की बी३; मासाओका-कोगा स्टेज, म्हणजे गाठ किती पसरली आहे ते; आणि कडा मोकळ्या आहेत का. त्यासाठी सर्जनने तुकड्याची कुठली बाजू कुठली हे दोरा किंवा शाई लावून पाठवलेलं असावं लागतं, नाहीतर पॅथॉलॉजिस्टला आवरणाजवळची कड ओळखता येत नाही आणि रेडिएशन द्यायचं की नाही हा निर्णय अंधारात होतो. पहिल्या स्टेजची पूर्ण निघालेली गाठ असेल तर रेडिएशन लागत नाही. थायमोमा उशिरा, दहा वर्षांनीही परत येऊ शकतो. म्हणून पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी आणि मग वर्षाला एकदा सीटी, दहा वर्षांपर्यंत. सीटीच्या सीडी आणि पॅथॉलॉजीचे ब्लॉक स्वतःकडे मागून घ्या. हॉस्पिटल बदललं की पहिली मागणी त्यांचीच होते.